शर्ली हॉर्न यांची अतिविलंबित लय

अमेरिकन जॅझ गायिका आणि पियानोवादक शर्ली हॉर्न यांचा आवाज मोठा नव्हता, त्याचा पल्लाही विशेष रुंद नव्हता, आणि तो तसा असल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. एला फिट्झजेराल्ड यांची शब्दांना बाजूला सारून धावणारी चपळ गायकी किंवा सारा व्हॉन यांचा मंद्रापासून तारापर्यंत सहज फिरणारा गळा ज्यांच्या कानात बसला आहे, त्यांना हॉर्न यांचे गाणे प्रथम ऐकताना काहीतरी द्यायचे राहून गेले आहे असे वाटण्याचा संभव आहे. तरीही जॅझ गाणाऱ्यांपैकी एकाच व्यक्तीची ध्वनिमुद्रणे जवळ ठेवता येतील असे मला कुणी बजावले, तर मी हॉर्न यांचीच ठेवीन. त्याचे कारण मला त्यांच्या गळ्यापेक्षा त्यांच्या लयीत सापडते, आणि त्या लयीत ज्या जागा त्या मोकळ्या सोडतात त्या जागांत सापडते.

हे मी नाशिकमध्ये बसून लिहीत आहे याची गंमत मलाही कळते. आमच्या गावाचे नाव ज्या वाद्याला चिकटले आहे ते ढोल. ‘नाशिक ढोल’ या नावाने ते महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून थेट केरळातल्या मिरवणुकांपर्यंत जाऊन पोहोचले आहे. गणेश विसर्जनाच्या दिवशी मेन रोडला उभे राहिले की पथकाचा ठोका कानाआधी छातीत लागतो, आणि तो मला आवडतोही. तेव्हा गोंगाटाचा तिटकारा म्हणून मी हळू आवाजाच्या गाण्याकडे वळले, असा कुणी समज करून घेऊ नये.

हॉर्न यांचा जन्म १ मे १९३४ रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे झाला. चौथ्या वर्षापासून त्या पियानोवर बसू लागल्या, बाराव्या वर्षी हॉवर्ड विद्यापीठात पियानो आणि संगीतरचना शिकू लागल्या, आणि अठराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संगीतशाळेत जाण्याची संधी त्यांच्यापुढे आली. ती घरच्या आर्थिक परिस्थितीमुळे हुकली. म्हणजे त्यांची मूळ घडण वादकाची होती, आणि तीही पाश्चात्त्य अभिजात संगीतात मुरलेल्या वादकाची. पुढे जॅझची गोडी लागल्यावर जॅझ पियानोवादकांतले ऑस्कर पीटरसन हे आपले रॅखमॅनिनॉफ झाले आणि अहमद जमाल हे आपले दब्यूसी झाले, असे त्या अभिजात संगीतातल्या दोन रचनाकारांची नावे घेऊन म्हणत. गाणे त्यांच्याकडे जवळजवळ योगायोगाने आले. वॉशिंग्टनमध्ये एके ठिकाणी त्या केवळ पियानो वाजवत असताना एका वयस्क ग्राहकाने नाताळच्या सुमारास एक भले मोठे टेडी अस्वल आणले आणि एक गाणे म्हणालात तर हे तुमचे, असे सांगितले. हा किस्सा त्या स्वतः मोठ्या आवडीने सांगत असत.

या क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक गायक आधी गातात आणि मग साथीदार शोधतात; हॉर्न यांच्या बाबतीत साथीदार आधी तयार झाला आणि गायिका मागाहून त्याच्या शेजारी येऊन बसली. आपल्याकडे गझल गाणारे कलाकार स्वतः पेटी घेऊन बसतात, पण पेटी बहुधा गळ्याच्याच वाटेने चालते, गळ्याने घेतलेल्या जागेचा मागोवा घेते, गळा विसावला की तेवढा वेळ भरून काढते. हॉर्न यांचा पियानो असे काही करत नाही. त्या एक शब्द उच्चारतात आणि थांबतात. तो शब्द क्षणभर निराधार राहतो, आणि मग त्याच्याखाली तीन-चार स्वरांचा एक संघात येऊन ठेपतो, ज्यामुळे नुकत्याच ऐकलेल्या साध्या शब्दाचा रंग मागाहून बदलतो. कधी याच्या उलट होते. संघात आधी येतो, त्यातला एखादा स्वर तिरका, न सुटलेला असतो, आता काहीतरी म्हटले जाईल म्हणून आपण कान टवकारतो, आणि त्या अजून काही म्हणतच नाहीत. दुसऱ्या कुणाला पियानोवर बसवून हे साधणे फार अवघड आहे, कारण साथीदार कितीही जाणता असला तरी गायिका नेमकी किती थांबणार हे त्याला अंदाजानेच ओळखावे लागते, आणि अंदाज करणारा माणूस धीर सुटून मध्ये काहीतरी वाजवतोच.

आता लयीचा थोडा हिशेब. अमेरिकन संगीतिकांतून आणि चित्रपटांतून जॅझमध्ये आलेली बरीचशी गाणी ३२ मापांची असतात. प्रत्येक मापात चार मात्रा धरल्या तर गाण्याच्या एका पूर्ण फेरीत १२८ मात्रा होतात. मिनिटाला १२० मात्रा अशा मध्यम चालीने ही फेरी मिनिटभरात संपते, म्हणून प्रथेप्रमाणे गायक एकदा गातो, मग सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट दोन-तीन फेऱ्या वाजवतो आणि शेवटी गायक पुन्हा येऊन गाणे मिटवतो. हीच चाल मिनिटाला ४० मात्रांपर्यंत उतरवली की एकटी फेरीच तीन मिनिटांच्या वर जाते. हॉर्न यांची संथ गाणी अशाच टापूत वावरतात. तेथे इतर वाद्यांना एकट्याने खुलण्यासाठी फारशी जागा उरत नाही आणि गायिकेलाही दुसऱ्या फेरीत काही वेगळे करून दाखवण्याची सोय राहत नाही. जे सांगायचे ते एकदाच सांगायचे, आणि तेही इतक्या उघड्यावर की एखादा शब्द खोटा लागला तर तो लपवायला आडोसा नसतो.

गंगापूर रोडला एका स्नेह्यांच्या घरी आम्ही काही मंडळी अधूनमधून ऐकायला जमतो. तेथे एकदा मी हॉर्न यांच्या १९८७ सालच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले. तबल्यात आयुष्य गेलेले एक काका डोळे मिटून, मांडीवर बोटाने मात्रा धरून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांचे बोट थांबले.

“अगं, ही बाई समेवर येते तरी कधी?”

“काका, त्यांची सम बासवाल्याकडे असते. त्या मागाहून येतात.”

“मागाहून म्हणजे किती मागाहून?”

“ते त्यांचे त्यांनाच माहीत.”

“मग त्या ड्रमवाल्याचे कठीण आहे,” असे म्हणून काकांनी पुन्हा डोळे मिटले.

काकांच्या प्रश्नात एक गोष्ट दडलेली आहे. संथ लय ही आपल्या श्रोत्याला नवलाची नाही. उस्ताद अमीर खाँ यांचा झूमऱ्यातला ख्याल किंवा किराणा घराण्याचा विलंबित एकताल ऐकलेल्या माणसाला एक आवर्तन मिनिटभर चालणे नेहमीचेच असते, आणि त्या मानाने हॉर्न यांची गती काहीच नव्हे. परंतु आपला विलंबित भरलेला असतो. तबलजी दोन मात्रांमधले अंतर भरावाने सांधत जातो, ठेक्यातले तिरकिट ऐकू आले की आपण आवर्तनात कोठे आहोत हे आपल्याला कळते, गायक आलापाने आणि बढतीने ती जागा पायरीपायरीने व्यापतो, आणि हे सारे थांबले तरी तानपुरा थांबत नाही. आपल्या मैफलीत गायक श्वास घेतो तेव्हाही षड्ज चालूच असतो. संपूर्ण निःशब्द असा क्षण त्यात जवळपास येतच नाही. हॉर्न यांच्या गाण्यात तानपुऱ्याच्या जागी काहीही नाही. पियानोचा स्वर वाजला की त्याच क्षणापासून विरू लागतो, ड्रमवर ब्रशची एक हलकी घासट असते, आणि दोन शब्दांच्या मध्ये जे उरते ते खरोखर रिकामे असते. तानपुऱ्यावर वाढलेला कान तेथे अस्वस्थ होतो, आता काहीतरी बिघडले असे त्याला वाटते. माझा कानही पुष्कळ दिवस असाच अवघडलेला होता.

आणि समेचे तर सगळेच उलटे आहे. मुखडा घेऊन गायक आणि तबलजी समेवर एकत्र येतात तेव्हा आपण ‘वा’ म्हणतो, कारण सगळ्यांना माहीत असलेल्या ठिकाणी सगळे एकदम पोहोचलेले असतात. हॉर्न ही भेट टाळतात. बास मापाच्या पहिल्या मात्रेवर पाय ठेवतो, तो ठेवल्याचे आपण ऐकतो, आणि शब्द त्यानंतर सावकाश येतो. मात्रेच्या मागे राहून गाण्याची ही रीत बिली हॉलिडे यांनी त्यांच्या कितीतरी आधी रुळवली होती. फरक इतकाच की हॉलिडे यांच्या मागे बहुतेक वेळा एक झुलता, ठेका सांभाळणारा वाद्यमेळ असे, त्यामुळे त्या किती मागे आहेत हे मोजायला पट्टी हाताशी असे. हॉर्न यांनी तो मेळच काढून टाकला आणि पट्टीवरच्या बहुतेक खुणाही पुसून टाकल्या. शिवाय त्या बढत करत नाहीत. मूळ चाल जवळजवळ आहे तशी राहते, कधी कधी तर तिच्यातले चार-दोन स्वर कमी होऊन ओळ बोलण्याच्या अधिक जवळ येते.

काकांना ज्या ड्रमवाल्याची काळजी वाटली ते स्टीव्ह विल्यम्स. ते आणि बासवादक चार्ल्स एबल्स या दोघांनी हॉर्न यांना सुमारे पाव शतक साथ केली. एबल्स इलेक्ट्रिक बास वाजवत, ज्याच्याकडे जॅझचे कर्मठ श्रोते नाक मुरडून पाहतात. पण या वाद्याचा स्वर लाकडी बासपेक्षा अधिक काळ टिकतो, आणि इतक्या संथ चालीत तळाशी तसाच टिकणारा स्वर हवा असतो असे मला वाटते. जलद वाजवण्यापेक्षा इतके सावकाश वाजवणे किती कठीण, हे कोणताही ठेकेवाला सांगेल: दोन ठोक्यांमधले अंतर वाढले की ते मनात समान भागांत तोडत राहावे लागते, आणि तोडलेले भाग वाजवून दाखवण्याचा मोह सतत आवरावा लागतो. विल्यम्स यांनी तो वर्षानुवर्षे आवरला. हॉर्न यांच्या गाण्याविषयी लिहिणारे बरेचदा त्यांच्या एकटीच्या संयमाविषयी लिहितात, हे मला अन्यायाचे वाटते. तो संयम तिघांचा होता.

१९६० साली त्यांचा पहिला अल्बम एका लहानशा कंपनीने काढला. तो विख्यात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी ऐकला, हॉर्न यांना न्यूयॉर्कला बोलावून घेतले आणि व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबात आपल्या वादनाआधी त्यांचा कार्यक्रम ठेवायला लावला. त्या गाणार नसतील तर आपणही वाजवणार नाही, असे त्यांनी क्लबच्या मालकांना सुनावल्याचे सांगतात. डेव्हिस कुणाची भलावण करणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध नव्हते, त्यामुळे या आग्रहाचे अनेकांना आश्चर्य वाटते. मला ते फारसे वाटत नाही. दोघेही अहमद जमाल यांचे चाहते होते, आणि जमाल यांच्याकडून दोघांनी एकच विद्या उचलली होती: स्वर गाळण्याची.

यानंतर जे झाले ते या लेखाच्या विषयाला सर्वांत मोठा पुरावा पुरवते. १९६३ साली मर्क्युरी या मोठ्या कंपनीने त्यांचे दोन अल्बम काढले, साथीला नामवंत वादकांचा मोठा ताफा दिला, आणि हॉर्न यांना पियानोवरून उठवून केवळ मायक्रोफोनपुढे उभे केले. ते अल्बम वाईट नाहीत. आवाज तरुण आहे, वादक उत्तम आहेत, सगळे वेळेवर आणि नेटके आहे. पण त्यांत हॉर्न मला भेटत नाहीत. एक चांगली गायिका भेटते. गाळायचे काय आणि थांबायचे किती हे ठरवणारे हात काढून घेतल्यावर गळा शिस्तीत ओळीने चालू लागतो, आणि मग तो इतर अनेक चांगल्या गळ्यांसारखा वाटतो.

पुढची बरीच वर्षे त्या वॉशिंग्टनच्या आसपासच राहिल्या, मुलगी वाढवली, जवळच्या क्लबांत गात राहिल्या. ही वर्षे वाया गेली असे जॅझच्या इतिहासात सूचित केले जाते, ते मला पटत नाही, कारण १९७८ साली स्टीपलचेस या डॅनिश कंपनीने त्यांना पुन्हा ध्वनिमुद्रित केले तेव्हा जी लय ऐकू येते ती कुणीतरी घाईच्या बाहेर राहून तयार केलेली आहे. १९८७ मध्ये व्हर्व या कंपनीशी करार झाला, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांना जगभर श्रोते मिळाले. १९९१ साली आलेल्या अल्बमच्या शीर्षकगीतात डेव्हिस त्यांच्या त्रिकुटासोबत वाजवतात. अशी जुन्या वळणाची संथ गाणी डेव्हिस यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मागे टाकली होती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते वारले. दोन मितभाषी माणसे एकमेकांना आधी बोलण्याचा मान देत बसली आहेत, असा त्या गाण्याचा थाट आहे.

हळू गाण्याची ही रीत मुळात यंत्राने शक्य केली, हेही सांगायला हवे. १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज संपली. आपल्याकडेही नाट्यसंगीताचा खडा, भरदार गळा मागे पडून ग्रामोफोन आणि रेडिओच्या आधाराने भावगीत उभे राहिले; गजाननराव वाटवे किंवा पुढे अरुण दाते यांच्यासारखा जवळ बसून सांगितल्यासारखा आवाज त्याशिवाय घरोघर पोहोचला नसता. मात्र मायक्रोफोनने एक वाईट खोडही लावली, ती कुजबुजण्याची. जॅझमध्ये आणि आपल्या सुगम गाण्यातही श्वास सोडत, अक्षरे अर्धवट गिळत गाणाऱ्यांचा एक वर्ग आहे, आणि त्याला हळुवार समजले जाते. हॉर्न हळू गातात पण कुजबुजत नाहीत. त्यांचे प्रत्येक व्यंजन स्पष्ट असते, शब्दाचा शेवट पुरा होतो, आणि इंग्रजीवर फारसा हात नसलेल्या माणसालाही ओळ उतरवून घेता येते. आमच्याकडे द्राक्षबागांच्या रस्त्याला जी नवी उपाहारगृहे झाली आहेत त्यांत हल्ली जॅझ लावण्याची पद्धत आहे. तशा एका ठिकाणी काट्याचमच्यांच्या आणि मिक्सरच्या आवाजात मी हॉर्न यांचे गाणे ओळखले, म्हणजे खरे तर त्यातली फक्त व्यंजने ओळखली, आणि जेवणात लक्ष लागेना. या गाण्याला पार्श्वसंगीत करता येत नाही, कारण त्यातला निम्मा ऐवज शांततेत असतो आणि ती शांतता मिक्सरच्या खाली कोठेच शिल्लक राहत नाही.

शब्दांविषयी त्यांची भूमिका मला सर्वांत जास्त भावते. कुसुमाग्रजांच्या या गावात कवितावाचने पुष्कळ होतात, आणि दुःखाची ओळ आली की आवाजाला कंप आणणारे वाचक आपण सगळ्यांनीच ऐकले आहेत. हॉर्न यांच्या गाण्यांत ताटातूट, एकटेपण, वय उलटून जाणे असे विषय सतत येतात, पण त्या ते विषय निवेदनासारखे मांडतात. ओळ दुःखाची असल्याचे त्या आवाजाने कळवत नाहीत; ते काम खालचा संघात करतो, आणि तोही उशिरा करतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला क्षणभर ती बातमी एकट्याने ऐकावी लागते. हास्याची ओळही त्या तशाच कोरड्या चेहऱ्याने टाकतात; त्यांचा मिस्कीलपणा बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना एकदा ‘संथ गाण्यांची गायिका’ या कप्प्यात टाकले की जलद गाण्यांतला त्यांचा उजवा हात कुणी ऐकत नाही.

१९९२ साली जॉनी मँडेल यांनी त्यांच्यासाठी व्हायोलिनांचा मोठा ताफा घेऊन एक अल्बम रचला. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध अल्बम तोच, आणि त्याच्या शीर्षकगीताच्या वाद्यरचनेसाठी मँडेल यांना ग्रॅमी मिळाले. ते गीत अप्रतिम आहे हे मान्य करूनही मला वाटते की व्हायोलिनांनी तेथे तानपुऱ्याचे काम केले: मोकळ्या जागा मऊ करून टाकल्या. आमच्या जमणाऱ्या मंडळींत या मतावरून वाद होतो, आणि त्यात माझी बाजू अल्पमतात आहे. खुद्द हॉर्न यांना गायनाचे ग्रॅमी मिळाले ते डेव्हिस यांच्या स्मरणार्थ केलेल्या, १९९८ साली आलेल्या अल्बमसाठी.

शेवटची वर्षे कठीण गेली. मधुमेहामुळे २००१ साली त्यांचे एक पाऊल कापावे लागले, आणि स्वर लांबवण्यासाठी पायाखालच्या पेडलवर इतक्या अवलंबून असलेल्या वादिकेला पियानोपासून दूर व्हावे लागले. २००३ सालच्या अल्बममध्ये त्या फक्त गातात. पियानो बहुतांशी जॉर्ज मेस्टरहेझी यांचा आहे, आणि दोन गाण्यांत स्वतः अहमद जमाल आहेत. मेस्टरहेझी यांनी त्यांची थांबण्याची सवय फार प्रेमाने अभ्यासली आहे, तरी जागा जराशी लवकर भरली जाते. आवाज थकलेला आहे, वाक्ये आखूड झाली आहेत, आणि त्यामुळे आधीच कमी बोलणारी गायिका आणखी कमी बोलते. २० ऑक्टोबर २००५ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी त्या गेल्या.

ज्यांना ऐकायला सुरुवात करायची आहे त्यांनी व्हायोलिनांचा अल्बम नंतरसाठी ठेवावा. आधी १९८७ ची, हॉलिवूडमधल्या एका लहान क्लबात झालेली मैफल ऐकावी, कारण तिच्यात त्रिकूट पूर्ण आहे, समोर श्रोते आहेत आणि जलद गाणीही आहेत. मग १९८१ साली हेग येथील नॉर्थ सी महोत्सवात झालेले ध्वनिमुद्रण, आणि त्यानंतर १९९१ चा अल्बम. एका बैठकीत दोन-तीन संथ गाण्यांच्या पुढे जाऊ नये. अधिक ऐकली की एकाची लय दुसऱ्यात मिसळते आणि दोन्ही सारखी वाटू लागतात. काकांनी पुढच्या वेळी १९९१ चाच अल्बम आणायला सांगितले आहे. तो ट्रम्पेटवाला तरी समेवर येतो का, हे त्यांना पाहायचे आहे.